भिंगबाई आणि चाळीस पोती

माझी आत्या चहाचा कप तोंडाला लावायच्या आधी त्यात बघते. नुसतं बघत नाही, उजेडाकडे तिरका धरून तळाशी काही आहे का ते तपासते. शिंप्याकडून कपडे शिवून आले की आधी बटणं मोजते. रस्त्यात कोणी पत्ता विचारला तर तो सांगण्याआधी "तिथे काय काम आहे?" असं विचारते, आणि उत्तर पटलं नाही तर पत्ता सांगत नाही. लग्न का केलं नाही असं कोणी विचारलं की म्हणते, "चौकशी पूर्ण झाली नाही." हे ती गंमत म्हणून सांगते की खरंच, हे मला तिच्या हाताखाली सहा वर्षं काम करूनही कळलेलं नाही.

आम्ही दोघी बियाणे केंद्रात कामाला. केंद्र काही निवडक शेतकऱ्यांना चांगल्या वाणाचं थोडं बी देतं. ते आपल्या शेतात ते वाढवतात, पोती भरून केंद्रात आणून टाकतात. इथे ते चाळलं जातं, तपासलं जातं, आणि पास झालं की प्रत्येक पोत्याला टॅग आणि सील लागून ते इतर शेतकऱ्यांकडे पेरायला जातं. पास की नापास हे ठरतं उगवण खोलीत, आणि उगवण खोली म्हणजे आत्या. सोयाबीनला हिशेब सोपा आहे. शंभरातले सत्तर दाणे धड उगवले तर ते बी, एकोणसत्तर उगवले तर तेलाच्या गिरणीचा माल.

उगवण खोलीत शिरलं की ओल्या कागदाचा वास येतो. लॉटमधल्या, म्हणजे एका शेतकऱ्याने आणलेल्या मालातल्या, सगळ्या पोत्यांत पोकळ सळई खुपसून थोडं थोडं बी काढायचं, ते एकत्र मिसळायचं, त्यातले चारशे दाणे मोजायचे आणि ओल्या जाड कागदात ओळीने मांडून कागदाची गुंडाळी करायची. गुंडाळ्या कपाटात उभ्या करायच्या. आठव्या दिवशी कागद उलगडून बसायचं आणि मोजायचं: धड अंकुर इतके, वेडेवाकडे इतके, कुजलेले इतके. आत्या हे एकतीस वर्षं करते आहे. गळ्यात काळ्या दोरीला भिंग, म्हणून सगळं केंद्र तिला पाठीमागे भिंगबाई म्हणतं. तोंडावर फक्त बाई. मीही कामावर तिला बाई आणि तुम्ही म्हणते, कारण पहिल्याच दिवशी तिने मला बजावलं होतं, "आत्या घरी. इथे मी तुझ्यावरही नजर ठेवणार आहे."

तिच्या टेबलावर एक छोटी काचेची बाटली आहे. तिच्यात मूठभर काळपट पडलेले दाणे. आत्या नोकरीला लागली त्या वर्षी एका लॉटवर आधीचाच पासचा कागद होता. वरिष्ठांनी सांगितलं, पुन्हा तपासायची गरज नाही, आणि तिने विश्वासाने सही केली. ते बी उगवलंच नाही. पेरणीनंतर पंधरा दिवसांनी एक बाई आल्या, शेतातून उकरून काढलेले दाणे मातीसकट तिच्या टेबलावर ठेवले आणि एक शब्द न बोलता निघून गेल्या. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, असं आत्या म्हणते. तेव्हापासून ती कागदावर विश्वास ठेवत नाही, आणि हळूहळू माणसांवरही ठेवेनाशी झाली. मला तिचा कितीही राग आला तरी त्या बाटलीकडे बघून मी गप्प बसायची.

गोदामाच्या भिंतीवर एक पाटी आहे, तीही आत्याच्याच अक्षरातली. 'सोयाबीन म्हणजे काच समजा. पोती आपटू नका.' सोयाबीनचं टरफल पातळ असतं, अंकुर त्याच्या अगदी खाली असतो. पोतं उंचावरून पडलं की बाहेरून काही दिसत नाही, पण आत दाणा मेलेला असतो. हमालांचा मुकादम नवीन हमालाला पहिल्या दिवशी त्या पाटीपुढे उभं करून मोठ्याने वाचायला लावायचा.

गेल्या हंगामात बाबांच्या चाळीस पोत्यांचा लॉट आला. बाबा म्हणजे आत्याचा धाकटा भाऊ. वाण नवं होतं, कमी पाण्यात येणारं, आणि आमच्या भागात ते वाढवायला बाबांसह दोघांनाच दिलं होतं. त्यातल्या दुसऱ्याचं पीक किडीने गेलं. एका पोत्यात एक एकर पेरून होतं, म्हणजे चाळीस शेतकऱ्यांच्या पेरण्या त्या लॉटवर होत्या. त्यांची नावं केंद्राच्या साहेबांच्या टेबलावर काचेखाली होती. आणि लॉट नापास झाला तर बाबांचं नाव उत्पादकांच्या यादीतून जाणार होतं. तसा नियमच आहे. बाबांनी त्या यादीत यायला अकरा वर्षं वाट बघितली होती.

बाबांनी पोती ट्रॅक्टरमधून गवताच्या गादीवरून आणली. एकेक पोतं स्वतः खांद्यावर घेऊन, गुडघे वाकवून खाली ठेवलं. मुकादम हसून म्हणाला, "दादा, झोपलेलं पोर आहे का काय त्यात?"

बाबा म्हणाले, "तसंच समज."

पहिल्या तपासणीत चौऱ्याऐंशी टक्के उगवण आली. फारच छान. नियमाप्रमाणे पोती आली त्याच दिवशी नमुन्याची तीन पाकिटं करून लाखेची सीलं लावली होती. एक तपासलं, एक वरच्या कार्यालयात पाठवलं, एक बाबांना घरी ठेवायला दिलं. दोन महिन्यांनी, टॅग लावायच्या आधी, पुन्हा एकदा तपासायचं असतं. तेव्हा ऐंशी आले.

चौऱ्याऐंशीचे ऐंशी होणं ही काही बातमी नाही. चारशे दाण्यांच्या मोजणीत चार-पाचाचा फरक नुसत्या योगायोगाने पडतो, हे मला आत्यानेच शिकवलंय. दुसऱ्या कोणाचा लॉट असता तर तिने सही करून जेवणाचा डबा उघडला असता. पण लॉट भावाचा होता. तिने गुंडाळी पुन्हा उलगडली आणि भिंग लावलं.

"चार टक्के कुठे गेले?" तिने विचारलं.

"बाई, एवढा फरक पडतोच की."

"माझ्या भावाच्या लॉटमध्ये पडायला नको. लोक काय म्हणतील? बहिणीने डोळे झाकले." मग आवाज खाली आणून म्हणाली, "जुनं बी मिसळलं असेल का गं त्याने?"

मला हसूच आलं. बाबा दुसऱ्याच्या बांधावरचं वाळलेलं लाकूडसुद्धा विचारल्याशिवाय उचलत नाहीत. पण आत्या हसत नव्हती. तिने मुकादमाला बोलावलं आणि सगळी थप्पी मोडायला लावली. प्रत्येक पोतं खाली उतरवायचं, ताडपत्रीवर रिकामं करायचं, हाताने पसरून जुना, फिक्या रंगाचा दाणा सापडतो का ते बघायचं, पुन्हा भरायचं, शिवायचं, थप्पीला लावायचं. झालेल्या पोत्यावर निळ्या खडूची रेघ. खडू तिने स्वतःच्या कुलपातल्या खणातून काढून दिला, म्हणजे दुसऱ्या कोणाला तशी खूण करता येऊ नये. जुना दाणा एकही सापडला नाही.

"मिळाला नाही म्हणजे बेमालूम मिसळलाय," आत्या म्हणाली, आणि पुन्हा चारशे दाणे लावले. पंचाहत्तर आले.

आता तिचा चेहराच बदलला. पाच टक्के योगायोगाने जातात, नऊ नाही जात. आत्याने दुसरी तपासणी लावली. पुन्हा सगळी पोती खाली, पुन्हा ताडपत्री, पुन्हा दुसरी निळी रेघ. उन्हाळा कडक होता, बी इतकं वाळलं होतं की ओतताना खडखड वाजायचं. आत्या सकाळी खुर्ची टाकून गोदामात बसायची, पहिली दहा-बारा पोती डोळ्यात तेल घालून बघायची, मग मोजणीसाठी उगवण खोलीत जायची आणि जाताना गोदामाच्या मागच्या दाराला दोरा बांधून जायची, कोणी आत-बाहेर गेलं तर तुटावा म्हणून. दोरा दर वेळी तुटायचा, कारण हमाल पाणी प्यायला तिथूनच जायचे. आत्या तुटलेला दोरा तारीख घालून पाकिटात ठेवायची. तिच्या खणात अशी सात पाकिटं जमली.

दुसऱ्या तपासणीनंतर एकाहत्तर आले.

संशय सर्दीसारखा असतो. एकाच खोलीत बसलं की लागतो. मी घरी जेवताना बाबांच्या हातांकडे बघायला लागले. ते कोणाशी फोनवर बोलत असले की मी कान टवकारायची. नवं वाण कमी पिकलं असेल का? चाळीस पोती भरायची कबूल केली, म्हणून बाबांनी तीन-चार पोती घरच्या जुन्या सोयाबीनची घुसवली असतील का? लोकांच्या बाबतीत सहा वर्षं हेच तर बघत आले होते. यादीत टिकायचं म्हणून भलेभले लोक काय काय करतात हे मला चांगलं माहीत होतं.

एका सुट्टीच्या दिवशी दुपारी आई शेजारी गेली होती आणि बाबा जनावरांकडे होते. मी मागच्या शेडमध्ये गेले. कोपऱ्यात पत्र्याच्या पिंपात गेल्या वर्षीचं सोयाबीन होतं, अर्धं पिंप. मागच्या हंगामात ते काठोकाठ होतं हे मला आठवत होतं. मी आत्याचं भिंग मागून आणलं होतं, काहीतरी खोटं कारण सांगून. मूठभर दाणे घेऊन दारातल्या उजेडाकडे वळले, तर दारात बाबा उभे होते. हातात बादली.

"काय हवंय?"

"काही नाही. चाळणी शोधत होते. कामावर लागणार आहे."

बाबांनी माझ्या मुठीकडे बघितलं, गळ्यातल्या भिंगाकडे बघितलं. मग बादली खाली ठेवली, हात वर करून भिंतीवरच्या खिळ्यावरची चाळणी काढली आणि मला दिली.

"इथेच असते ती," ते म्हणाले. "नेहमी."

दुसऱ्या दिवशी मी ती चाळणी कामावर घेऊन गेले. केंद्रात तऱ्हेतऱ्हेच्या साठ चाळण्या आहेत. घरून आणखी एक का आणली, असं दोघांनी विचारलं. मी ती माझ्या टेबलामागे भिंतीला टेकवून ठेवली आणि तिच्याकडे पाठ करून बसायला शिकले.

त्याच आठवड्यात आत्याने तिसरी तपासणी काढली. या खेपेला नुसत्या डोळ्यांवर तिचा भरवसा नव्हता. सगळा लॉट यंत्रातून पुन्हा चाळायचा ठरला. यंत्रात बी पट्ट्याच्या डब्यांतून वर चढतं आणि दोन माणसांच्या उंचीवरून चाळण्यांवर कोसळतं. आवाज असा की शेजारच्या माणसाला ओरडून सांगावं लागतं. वेगळे दाणे निघालेच नाहीत. तिसरी निळी रेघ मात्र चाळीसही पोत्यांवर लागली.

सहासष्ट आले. नापास.

साहेबांनी आत्याला बोलावलं. साहेब सज्जन माणूस, फक्त त्यांना कुठल्याही गोष्टीचा निकाल दुपारच्या आत हवा असतो. पेरणीला तीन आठवडे उरले होते. "बाई, फॉर्म भरून टाका," ते म्हणाले. "लॉट गिरणीला, नाव यादीतून कमी. तुमचा भाऊ आहे, मला वाईट वाटतं, पण आता काय करणार?"

फॉर्मवर नाकारण्याच्या कारणाचा रकाना असतो. आत्याने त्यात काही लिहायच्या आत बाबा केंद्रात आले. मीच घरी निकाल सांगितला होता. त्यांनी शर्टाच्या खिशातून रुमालात गुंडाळलेलं पाकीट काढलं, त्यांच्याकडचं, पहिल्या दिवशी सील केलेलं.

"ताई, हे लाव," ते म्हणाले. "यात काय निघेल ते मला मान्य."

आत्याने पाकीट घेतलं आणि सीलवर भिंग ठेवलं. पाव तास ती लाखेचा एकेक कंगोरा बघत होती. बाबा टेबलासमोर उभे. त्यांना बस म्हणायचं तिला सुचलं नाही, आणि ती म्हणाली नाही म्हणून मीही म्हणाले नाही. याची मला आजही लाज वाटते. सील शाबूत होतं.

आठ दिवस बाबा माझ्याशी कामापुरतंच बोलले. आठव्या दिवशी आत्याने त्या पाकिटातल्या दाण्यांची गुंडाळी उलगडली. चारशेतले तीनशे बत्तीस. त्र्याऐंशी टक्के.

माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. म्हणजे बाबांनी चांगलं बी आणलं होतं. मला वाटलं आता आत्या खुर्चीत मागे टेकेल, निदान "सुटलो" असं तरी म्हणेल. ती उठली आणि तडक गोदामात गेली. मी मागोमाग.

"म्हणजे चोरी इथेच झाली," ती म्हणाली. "आलं तेव्हा बी चांगलं होतं. आता नाही. कोणीतरी या छपराखाली पोती बदललीत." ती मुकादमाकडे वळली. "मागचं दार कोण उघडं टाकतं?" मग माझ्याकडे. थोडा वेळ नुसती बघत राहिली. कपाचा तळ बघते तशी. "गोदामाची दुसरी किल्ली तुझ्याकडे असते."

माझं डोकंच सणकलं. सहा वर्षांचं बाई आणि तुम्ही कुठल्या कुठे गेलं.

"आत्या, तू मलाच ओल्या कागदात गुंडाळ आता! ठेव कपाटात उभी करून! आठ दिवसांनी उलगड आणि मोज, किती टक्के खरी निघते ते! आणि तुझ्या नादाने मी माझ्या बापाच्या पिंपात हात घातला, ते कशात मोजशील?"

हमाल जागच्या जागी थांबले. एक जण खांद्यावर पोतं घेऊन थप्पीकडे चालला होता. आमच्याकडे बघता बघता त्याचा तोल गेला आणि पोतं खांद्यावरून सुटलं. धप्प.

"अरे, आपटू नको!" आत्या सवयीने ओरडली. "काच आहे ती—"

ती त्या पोत्याकडे बघत होती. मग तिने मान वर करून स्वतःच्या पाटीकडे बघितलं. मग थप्पीवरच्या निळ्या रेघांकडे. प्रत्येक पोत्यावर तीन. तिचे ओठ हलायला लागले, ती मोजत होती: थप्पीवरून खाली, ताडपत्रीवर ओतलं, भरून ठोकलं, पुन्हा वर फेकलं. एकदा. दोनदा. मग यंत्र. मी तिला आयुष्यात कधी खाली बसताना बघितलं नव्हतं, म्हणजे जमिनीवर. ती तिथेच पोत्याला टेकून खाली बसली.

"ब्लीच आण," ती मला म्हणाली. "कपड्यांचं असतं ते. आणि वाट्या."

ब्लीच घातलेल्या पाण्यात सोयाबीनचे दाणे टाकले की धड दाणा तसाच राहतो. टरफलाला तडा असेल तर पाणी आत शिरतं आणि दाणा दहा मिनिटांत फुगतो. आम्ही चाळीस वाट्या मांडल्या, एका पोत्याला एक, प्रत्येकीत शंभर दाणे. मुकादम आणि हमाल भोवती उभे राहिले. मग वाट्यांमधले दाणे फुगून एकमेकांना ढकलायला लागले, अर्धेअधिक, काही वाट्यांत त्याहून जास्त. एकोणतीस वाट्या तशा निघाल्या.

पण अकरा वाट्यांत काहीच झालं नाही. दाणे जसे टाकले तसे, गोल, लहान. आत्याने भिंगाने पोत्यांचे नंबर बघितले. अकराही पोती मागच्या भिंतीलगतची, सगळ्यात खालच्या थरातली. त्यांच्यावरही तीन-तीन निळ्या रेघा होत्या.

"ही कशी वाचली?" आत्याने विचारलं.

सगळ्यांनी मुकादमाकडे बघितलं. मुकादमाने आधी टोपी काढली, मग पुन्हा घातली.

"बाई, रागावू नका," तो म्हणाला. "खालचा थर आम्ही उघडलाच नाही. पाठ मोडली होती पोरांची. तुम्ही मोजायला गेलात की मी नुसत्या रेघा ओढायचो. तिन्ही वेळा."

एकतीस वर्षं आत्याने तराजू, कुलपं, सीलं, सह्या, दोरे, भाऊ, भाची, सगळ्यांवर संशय घेतला. फक्त स्वतःच्या खणातल्या निळ्या खडूवर तिचा विश्वास होता. ती मुकादमाकडे बघत राहिली आणि मला वाटलं आता त्याची नोकरी गेली. पण ती हसायला लागली. हसणं थांबता थांबेना, मग ते हसणं राहिलं नाही, आणि तिने भिंग बाजूला करून डोळे पुसले.

"एवढा एकच लबाड माझ्या हातून सुटला," ती म्हणाली, "आणि त्यानेच अकरा शेतं वाचवली."

अकरा पोत्यांचा वेगळा लॉट करून दुसऱ्या दिवशी गुंडाळ्या लावल्या. आठव्या दिवशी ब्याऐंशी आले. काचेखालच्या चाळीस नावांतली पहिली अकरा पेरणीच्या आत आपापलं पोतं घेऊन गेली. आत्या दाराशी उभी राहून प्रत्येकाला एकच सांगत होती, गाडीत गवत घाला, हळू उतरवा. उरलेल्या एकोणतीस जणांना साहेबांनी दुसऱ्या वाणाचं बी दिलं, जुन्या, जास्त पाणी लागणाऱ्या. त्यांना ते आत्याने स्वतः सांगितलं, एकेकाला समोर बसवून. दोघं तिला तोंडावर बोलले. तिने ऐकून घेतलं.

एकोणतीस पोत्यांचा नाकारण्याचा फॉर्म भरताना मी तिथे होते. साहेब म्हणाले, "बाई, 'साठवणुकीतील हानी' लिहा की. कोणी विचारणार नाही."

"साठवणूक काय आपोआप होते?" आत्या म्हणाली. तिने कारणाच्या रकान्यात लिहिलं: 'तपासणाऱ्या बाईंनी पोती वारंवार ओतून घेतल्यामुळे दाण्यांना इजा. उत्पादकाचा दोष नाही.' आणि खाली सही केली, पूर्ण नावाने. साहेबांनी तो कागद दोनदा वाचला आणि दुपारच्या आत निकाल लागला म्हणून पुढे काही म्हटलं नाही. बाबांचं नाव यादीत राहिलं.

संध्याकाळी फॉर्मची प्रत घेऊन ती माझ्याबरोबर घरी आली. दोन महिन्यांत पहिल्यांदाच. बाबा पायरीवर बसून दोरखंड वळत होते. तिने कागद त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो शांतपणे वाचला, घडी करून खिशात ठेवला आणि आत आईला ओरडून चहा टाकायला सांगितलं.

"मला काही म्हणणार नाहीस?" आत्याने विचारलं.

"काय म्हणू, ताई? तुझं कामच आहे ते. तू दुसऱ्याच्या लॉटला सोडत नाहीस, तर माझ्या लॉटला कशाला सोडशील?"

मग ते माझ्याकडे वळले. रागावलेले नव्हते. रागावलेले असते तर मला सोपं गेलं असतं.

"तुझं काम काय होतं गं?"

आत्याने माझ्या पाठीवर हात ठेवला.

"ते माझ्याकडून लागलंय तिला," ती म्हणाली. "त्या फॉर्मवर रकाना नव्हता, नाहीतर तेही लिहिलं असतं."

आईने चहा आणला. आत्याने कप घेतला आणि उजेडाकडे न धरता तोंडाला लावला. चहा भयंकर गरम होता. तिची जीभ पोळली, तरी तिने दुसरा घोट घेतला.

बाबांनी दोरखंडाची गाठ ओढून घट्ट केली.

"पुढच्या हंगामाचं बी निवडायला घेतोय," ते माझ्याकडे न बघता म्हणाले. "उद्या येताना माझी चाळणी घेऊन ये."